धाकटीचं जॅकेट

रेग्वी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
गेल्या हिवाळ्यात मला आखूड झालेलं जॅकेट
आईनं त्याच्या खुंटीला अडकवलं,
काही न बोलता.

क्लाक्सविकच्या दवाखान्यात डॉक्टर योरुन म्हणाल्या,
वाढीचं हार्मोन कमी नाही हो त्याचं.
रोज रात्री, तो झोपला की, निघतं ते
टपालाच्या बोटीसारखं.
पण आतड्यात वर्षभर आग धुमसतेय,
धक्क्यावरची सगळी माणसं
बादल्या घेऊन तिकडेच पळालीत.
यकृताच्या दारात पत्रं येऊन पडतात,
सही करून घ्यायला कुणी नाही.
हाडांच्या टोकांना निरोपच पोचत नाही.

बाबा उठून खिडकीशी गेले.
इतके दिवस तेच म्हणायचे,
पोरगा ताटावर बसून नखरे करतो.

मग दर दुसऱ्या शुक्रवारी सुई.
डोंगरावरची कोकरं आयांएवढी झाली,
लोकर कातरून झाली, दिवस आखडले,
हा तेवढाच.
मी त्याच्याशेजारी उभं राहायचं टाळायचे,
राहिलेच तर गुडघे किंचित वाकवून.

काल बोटीत चढताना
माझ्या त्या जॅकेटच्या बाहीतून
त्याचं मनगट बाहेर आलेलं,
दोन बोटं, लालबुंद.
"वारा झोंबतोय," तो कुरकुरला.
आणि आई हसायला लागली,
थांबेचना.