वंशावळ

माहीमच्या वाडीचे कागद निघाले
तेव्हा वकील म्हणाला, वंशावळ आणा,
पार मुळापर्यंत.

फुफीनं ट्रंकेतून बयाज काढली,
कसरीनं खाल्लेली, कापराच्या वासाची.
मी. माझे अब्बा हसनमियाँ. त्यांचे दाऊद.
दाऊदचे लतीफ, लतीफचे आदम,
नावं मागे मागे जात राहिली
आणि एका ठिकाणी थांबली:
अब्दुल्ला माडकर.
त्याच्या पुढे शाई नाही.

‘यांच्या वडिलांचं नाव?’
वकिलानं पेन उघडंच धरलं.

फुफीला ठाऊक ते एवढंच:
तो माडी काढायचा.
एकदा खाडीच्या तोंडाशी गलबत फुटलं,
बसऱ्याकडचा एक म्हातारा
महिनाभर त्याच्या खोपटात तापानं पडून होता.
म्हातारा बरा होऊन गेला,
आणि यानं माडावरची मडकी उतरवून
ओळीनं पालथी घातली.
बस. चमत्कार वगैरे आमच्यात सांगत नाहीत.

बाकीचं माझं मीच जुळवतो.

हाताची सवय कुठं सुटते?
भल्या पहाटे कोयता कमरेला खोचून
तो माडापाशी येत असणार,
मग आठवत असणार
की आता नारळ तेवढे उतरवायचे.
नमाजेतले शब्द जिभेवर बसत नसणार.
म्हणून खोडाच्या एकेका खाचेवर
एकेक शब्द ठेवत चढत असेल.
शेंड्याला हात लागला की आयत पुरी.
चुकला, की परत बुंध्यापासून.

आईनं बोलणं टाकलं नसावं,
फक्त ताट कुडाबाहेर ठेवलं असेल
आणि ताटात
सुरमईचा मधला तुकडा.
हाक मात्र शेवटपर्यंत जुन्याच नावानं.
तो ओ देत राहिला असेल.
ते नाव बयाजेत नाही.

‘लिव, अल्लाचा बंदा,’ फुफी म्हणाली,
‘अब्दुल्ला म्हंजे तेच ना?
बाप इचारतो तर बाप बी तोच लिव.’
‘कोर्टात चालत नाही, आजी.’

खिडकीबाहेर वाडीतला शेवटला माड,
बिल्डरनं लाल रंगात सात आकडा टाकलेला.
त्याचा बाप कोणता माड,
हे कुणी विचारलं नाही.

मी रकान्यात एक उभी रेघ मारली.
फुफीनं पेन माझ्या हातून ओढून घेतलं.
तिला मराठी लिहिता येत नाही.
तिनं त्या रेघेवर, खालपासून वर,
थोडं थोडं अंतर सोडून
आडव्या खाचा पाडल्या,
पाय ठेवता येईल एवढ्या.