तिसरा तास, तेरावी दुरुस्ती

फळ्यावर मी तीन आकडे लिहितो :
तेरा, चौदा, पंधरा.
मागच्या बाकावरून डिमॅरिअस विचारतो,
"टॉलिव्हर सर, हे शुक्रवारच्या मॅचचे स्कोअर का?"
वर्ग हसतो. मीही.
खिडकीबाहेर मिसिसिपीची सपाट काळी जमीन,
वेचणी उरकलेली.
ट्रकमधून सांडलेला कापूस रस्त्याच्या कडेनं पडलेला,
आता त्याचं वजन कुणी करत नाही.

आधी एक फर्मान निघालं, मी सांगतो,
राष्ट्राध्यक्षाचं, भर युद्धातलं,
सरसेनापती म्हणून काढलेलं.
जिथं त्याचं कुणी ऐकत नव्हतं तिथले गुलाम मुक्त,
आणि त्याच्या बाजूच्या राज्यांतले
होते तिथंच.
"म्हणजे शेजाऱ्याचं कुलूप फोडायचं," ओनेडा म्हणते,
"आणि आपलं तसंच लटकत ठेवायचं?"
युद्धातला अधिकार, मी म्हणतो. युद्धापुरता.
पण ज्यांच्या कानावर गेलं ते थांबले नाहीत गं,
पोरं काखेत, पातेली डोक्यावर,
फौजेच्या मागून चालू लागले.
फर्मानाला पाय त्यांनी दिले.

मग दुरुस्ती.
आणि इथं परीक्षेत हमखास येणारा प्रश्न :
घटना बदलायला राष्ट्राध्यक्षाची सही लागते का?
लागत नाही.
तरी त्यानं केली.
सिनेटनं रीतसर ठराव करून कळवलं, गरज नव्हती.
मला तो माणूस त्या एका क्षणी आवडतो,
गरज नसताना पेन उचलणारा.
त्याच्यानंतर आलेल्यानं
नको तिथं पेन उचललं, नकार लिहायला.
काँग्रेसनं त्याचा नकार ओलांडला,
महाभियोग चालवला,
आणि तो एका मतानं वाचला.
एकोणीस वर्षं मी ही गोष्ट
इथं आवाज चढवून संपवतो.
एक मत! म्हणतो, आणि खडू खाली ठेवतो.

आज खडू ठेवायच्या आत
जोनेशाचा हात वर.
फारसा न उठणारा हात.
"सर, तेरावीमध्ये स्वल्पविराम आहे."
वाच, मी म्हणतो.
ती वाचते. गुलामी नाही, सक्तीची चाकरी नाही,
मग थांबते.
मग, गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते सोडून.
"त्या स्वल्पविरामाच्या पलीकडे माझा भाऊ आहे.
तुरुंगाच्या शेतावर. सध्या घेवडा खुरपतोय.
रविवारी फोन येतो, पंधरा मिनिटं,
त्यातली चार तो पाठीबद्दल बोलतो."

पंखा फिरतोय. डिमॅरिअस पेनाचं टोपण
लावतो, काढतो.
ही मेख मला माहीत नव्हती असं नाही.
पुस्तकात ती चौकटीबाहेर, बारीक टायपात आहे,
आणि मी घाईत असायचो
त्या एका मताकडे पोचायच्या.

म्हणून मग मी त्यांना तेही सांगतो
जे अभ्यासक्रमात नाही :
आपल्या राज्यानं ही दुरुस्ती मान्य केली
एकोणीसशे पंच्याण्णव साली.
हशा नाही.
मी तेव्हा ह्याच शाळेत नववीत होतो,
त्या दिवशी काय शिकवलं, आठवत नाही.
आणि मान्य केल्याचा कागद
ज्या कचेरीत पाठवायचा तिथं पाठवायचा राहून गेला,
तो पोचला दोन हजार तेराला.
"अठरा वर्षं?" ओनेडा म्हणते. "पोस्टानं?"

जोनेशा अजून उभीच आहे.
"दुरुस्तीची दुरुस्ती करायची तर
सही कुणाची लागते?"
कुणाचीच नाही. काँग्रेसमध्ये दोन तृतीयांश मतं,
आणि तीन चतुर्थांश राज्यं.
ती बसते, वहीच्या समासात भागाकार मांडते,
पन्नास, गुणिले तीन, भागिले चार.
"साडेसदतीस," ती म्हणते.
"अर्धं राज्य कुठून आणायचं, सर?"

अडतीस धर, मी म्हणतो.
घंटा होते. खुर्च्या, बॅगा, कुणाची तरी बाटली घरंगळते.
ती अडतीस लिहिते,
आणि त्याखाली पहिलं नाव
आपल्याच राज्याचं,
पेन्सिलीनं, हलक्या हातानं,
खोडता येईल असं.