वर्म

नागदेवी स्ट्रीटवर आमच्या दुकानात
गिऱ्हाईक पहिल्यांदा एचपी विचारतं.
दोन एचपी, तीन एचपी, काय भाव, आज मिळेल का.
जसे काही बटाटे.

शब्बीरभाईंच्या काउंटरवर मला एकतीस वर्षं झाली.
मी उलट विचारतो :
पट्टा किती लांब? चढ किती अंश?
पोत्यात काय, कोरडं की दमट?
दिवसाला किती तास, तासाला किती वेळा बंद-चालू?
गिऱ्हाईक वैतागतं, समोरच्या दुकानात जातं.
समोरचा देतो.

परवा शिवडीच्या एका गोदामातून मुलगी आली,
नेत्रा पाठारे. बुटांवर युरियाची पांढरी भुकटी,
वहीत सगळं लिहून आणलेलं.
ड्रम तीनशे मिलिमीटर, चढ अठरा अंश,
पट्ट्याला वेग हवा सेकंदाला अर्धा मीटर, वर थोडा चालेल.
मी आकडे मांडले.
मोटर चौदाशे चाळीस, रेशो चाळीस,
बाहेर येतात छत्तीस फेरे.

छत्तीस.
पेन जरा थांबलं माझं.

मग मी नेहमीचं बोलत राहिलो.
हा पोलादी मळसूत्राचा दांडा
ब्राँझच्या चाकाला घासत फिरवतो,
ढकलत नाही, घासत. म्हणून आवाज कमी, म्हणून ताप जास्त.
शंभर घातले तर सत्तर हाती लागतात,
बाकीचे बॉक्सच्या अंगातून हवेत जातात.
तेव्हा नुसती ताकद बघू नका,
दुपारी तीनला पत्र्याखाली तो किती सोसेल तेही बघा.
सर्व्हिस फॅक्टर दीड धरा. सव्वा स्वस्त पडतो,
पण वर्षाने तेल काढाल तर सोनेरी चुरा दिसेल.
ब्राँझच ते, पण आम्ही म्हणतो
पितळ उघडं पडलं.

ती हसली नाही. तिने विचारलं,
"भरल्या पट्ट्यावर लाइट गेली तर
हा उलटा फिरेल का?"

कॅटलॉगमध्ये लिहिलंय, नाही.
दांडा चाकाला फिरवतो, चाक दांड्याला फिरवू शकत नाही.
तिसऱ्या वर्षी मीही हेच सांगितलं होतं,
दारुखान्याजवळच्या गोदामाला, अगदी छातीवर हात ठेवून.
चाळीसचा बॉक्स नव्हता त्या दिवशी.
वीसचा होता, म्हणून मोटर आठ पोलची लावली,
सातशे वीस भागिले वीस, छत्तीस.
तितकेच फेरे, तितकाच वेग. गणित कुठेच चुकलं नव्हतं.
वीसचं मळसूत्र मात्र उभट असतं,
ते चाकाला अडवत नाही. वाट देतं.

लाइट गेली. नऊ पोती खाली आली,
आधी सावकाश, मग नाही.
खाली गेनू शिंगटे, जावळीचा माथाडी,
पायात गोणपाट गुंडाळलेला.

पाय राहिला. चालणं राहिलं नाही पहिल्यासारखं.
कुणी मला काही बोललं नाही,
बिलावर माझी सही नव्हती, शब्बीरभाईंची होती.
पुढे तो गोदामातच स्विचपाशी बसायचा.
मी गेलो की म्हणायचा,
"तुमचा बॉक्स काय आवाज करत नाय बघा. लय गुणाचा."

हे सगळं नेत्राला सांगायचं होतं का?
सांगितलं नाही.
इंग्रजीत त्या दांड्याला किडा म्हणतात,
तेवढंच माहीत होतं मला इतकी वर्षं.
मराठीत वर्म म्हणजे काय ते
तिने बोट ठेवलं तेव्हा कळलं.

"फिरणार नाही, असं कॅटलॉग म्हणतो," मी म्हटलं,
"बॅकस्टॉप वेगळा लावा."
"चाळीसलासुद्धा?"
"चाळीसलासुद्धा. हादऱ्यांनी सुटतो कधीकधी."
"त्याचे पैसे मॅनेजर देणार नाही."

मी कोटेशन पुन्हा लिहिलं.
बॅकस्टॉपची ओळ गिअरबॉक्सच्या आधी घातली,
माझं कमिशन होतं तिथे रेघ मारली.
शब्बीरभाईंनी चष्म्यावरून पाहिलं
आणि पंखा एक घर वाढवला.

ती पायऱ्या उतरत होती तेव्हा मी ओरडलो,
तेलाची पातळी बघा, बॉक्स आडवा बसवलात तर बदलते!
हातगाड्यांच्या गलक्यात
तिला ऐकू गेलं की नाही,
उद्या फोन करून विचारतो.