चारशे सतरा

बारा बैठी घरं, घोड्याच्या नालेसारखी मांडलेली.
मधे हिरवळ, आणि हिरवळीखाली
सिमेंटनं बुजवलेलं खाणीचं तोंड.
पाटी लावलीय: येथे चेंडू खेळू नये.
खेळणार कोण? सगळ्यात धाकटी ऑड्री,
तिला परवा एकाहत्तरावं लागलं.

मी इथली देखरेखीची बाई.
प्रत्येक न्हाणीघरात एक लाल दोरी,
ओढली की माझ्या उशाशी घंटा.
पडलात तर ओढा, दर सोमवारी घसा कोरडा करते.
थर्झा ओढते मांजर घरी आलं नाही की.
एनॉक ओढतच नाही.
दोनदा पडला, दोनदा सरपटत दार गाठलं.
म्हणाला, आमच्याकडे घंटा वाजली
म्हणजे कुणीतरी गेलेलं असायचं.

सामाईक दिवाणखान्यात गुरुवारी सूप.
बारा तोंडं, एक रिमोट.
खुर्च्या कुणाच्याच नाहीत,
पण बसून तर दाखवा क्लिफर्डच्या खुर्चीत.

मंगळवारी धुण्याचं यंत्र अडलं.
त्यात पिवळं टोकन घालायचं असतं,
पन्नास पेन्सला एक, माझ्याकडून.
डरहॅमहून कारागीर आला, पाठ उघडली,
आणि माझ्या तळहातावर पितळेचा बिल्ला ठेवला.
काठ झिजलेले, आकडा शाबूत: चारशे सतरा.

सूप वाढता वाढता विचारलं, जरा तणतणतच.
एनॉकनं हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा.
"दिसत नाही नीट. एकाच खिशात होते दोन्ही."

पुढचं क्लिफर्डनं सांगितलं.
खाली जाताना एक बिल्ला द्यायचा,
वर आलं की दुसरा.
दोन्ही जुळले की माणूस घरी.
शेवटच्या पाळीला हे वर आले
तर दिवाघराच्या खिडकीला फळी ठोकलेली.
"म्हणजे वहीप्रमाणे," क्लिफर्ड म्हणाला,
"हा अजून खालीच आहे!"
थर्झा इतकी हसली की सूप सांडलं.
एनॉक पाव कुस्करत राहिला.

सकाळी तो ऑफिसच्या दारात,
काखोटीला धुण्याची पिशवी.
बिल्ला टेबलावर सरकवला. काही बोलला नाही.
पन्नास पेन्स, असं म्हणणार होते मी.
मग वही ओढली, सात नंबरच्या घरापुढे लिहिलं:
नऊ वाजून दहा मिनिटं.
बिल्ला सातच्या खुंटीवर अडकवला
आणि पिवळं टोकन दिलं.

दोन शर्ट, एक चादर, चार रुमाल.
सगळं पांढरं असतं त्याचं.