केदार

नळस्टॉपजवळ, तिसऱ्या मजल्यावर पाटी आहे:
'भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.'
कोणत्याही कारणात
हेही कारण आलं.
म्हणून जूनपासून मी बसते तुमच्या जागेवर,
तुमच्याच वहीत, तुम्ही थांबलात
त्याच्या पुढच्या पानापासून.
स्पॅनिश कशासाठी शिकायचं होतं,
ते विचारायचं राहिलंच.

आज डबीर बाईंनी फळ्यावर क्रियापद लिहिलं.
म्हणाल्या, माझ्यामागून म्हणा: केदार.

सतरा जणांनी एकदम
तुमचं नाव घेतलं.
मी नाही घेतलं.
मी घेतलं होतं एकदाच, उखाण्यात,
तुमच्या आत्यांनी दार अडवलं तेव्हा;
यमक आयतंच मिळालं होतं.
पुढे सत्तावीस वर्षं 'अहो', 'ऐकलं का'.

केदार म्हणजे, बाई सांगत होत्या, उरणं.
भेटायचं ठरणं.
एखादं गाव अमुक दिशेला असणं.
दिवस जाणं, त्यालाही हेच.
बाई विधवा होते,
तेही ह्याच क्रियापदानं.

चाकणचा इर्शाद तांबोळी, मेक्सिकोला बदली झालेला,
म्हणाला, एकाच माणसावर एवढी कामं?
आमच्याच कंपनीतलं दिसतंय.
सगळे हसले. मीही.

मनात म्हटलं, हे तर आपल्या घरातलंच.
दूध राहिलंय का थोडं?
गॅस बंद करायचा राहिला वाटतं.
धाकटे दीर पौडला राहतात.
लुंकडांच्या हर्षाला दिवस राहिलेत.
सुटे राहू द्या हो, रिक्षावाल्याला तुम्ही म्हणायचात,
आणि मग घरी येईपर्यंत
राहून राहून त्या चार रुपयांबद्दल बोलायचात.

सदरा अंगाला शोभणं, तेही म्हणे केदार.
इथे मात्र आपली वाट वेगळी:
आपल्यात सदरा बसतो.
तुमचा निळा भाच्याला घालून पाहिला.
खांद्यात नाही बसला.
कपाटातच आहे.

"'आम्ही'चं रूप?" केदामोस.
केदामोस, सहा वाजता, गरवारे पुलाशी:
म्हणजे आपलं ठरलं.
"आणि 'तू'चं? खिडकीपाशी, तुम्ही सांगा."

तू.
तोंडाला सवय नाही.
इथे नवऱ्यालाही तूच म्हणतात,
पहिल्याच धड्यात आहे, तुमच्या अक्षरात,
खाली दोन रेघा मारून.

केदास, मी म्हटलं,
जरा मोठ्यानंच.
राहतोस.

"बरोबर," बाई म्हणाल्या,
आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.