वाचायला काही सांग

वाचायला काही सांग म्हणालास, अभिनंदन,
हळदीच्या सौद्यात, पावती फाडता फाडता.
पिवळ्या बोटांनी नावं लिहून देतोय,
पुसट झाली तर पुन्हा विचार.

मुमताज शिकलगार, मिरज.
भोपळ्याविषयी लिहिते.
दुसरं काही नाही, भोपळाच.
सतार होण्याआधी, वाळता वाळता
त्याच्या पोटात बिया खुळखुळतात
तो आवाज तिनं तीन पानं ऐकलाय.
तुला कंटाळा येईल.
दुसऱ्या पानापर्यंत धीर धर.

जतचा कोळेकर, वायरमन.
शुद्धलेखनाचं विचारू नकोस,
ते सिंगल फेजवर चालतं.
पण रात्री दोनला डीपी उडाल्यावर
अख्खं गाव एकमेकांना ऐकू यायला लागतं,
कुणाचा खोकला, कुणाचं रडं, कुणाची बांगडी,
हे त्याच्याआधी मला कुणी सांगितलं नव्हतं.

यांचं कुणी छापत नाही.
तेही कुणाला विचारत नाहीत.
पाळी संपवून येतात, लिहितात,
मोबाईल उशाला ठेवून झोपतात.

तिसरं नाव द्यावं की नको?
विट्याची एक बाई. नाव लावत नाही.
मागाच्या खडखडाटात दोन ओळी,
तेवढ्याच.
गेल्या बेंदरापासून काही आलं नाही.
मी रोज बघतो, गाळा उघडायच्या आधी.

तू वाचलंस तर तिला कळव,
आवडलं म्हणून, एवढंच.
मी दोन वर्षं कळवणार होतो,
काय लिहावं सुचेना.
हळदीचा भाव विचार,
झोपेतून उठून सांगेन.