जानेवारीचा पहिला शनिवार, नॉटिंगहॅम

डॉक्टर म्हणाली, रोज चाला.
कुठे, ते नाही म्हणाली.
म्हणून गुडघ्याला पट्टा बांधून
चर्चच्या तळघरात आले,
सोळा पायऱ्या, मोजून.

मेव्हिस डब्यांवरच्या तारखा वाचते,
मी मांडते: वाटाणे, टोमॅटो, पीच.
तिला माझं नाव जमत नाही,
मला तिची मस्करी.
तरी अकरा वाजता
एकाच थर्मासमधला चहा
दोन झाकणांत निवतो.

एक बाप येतो.
पिशवी घेताना बुटांकडे बघतो.
मेव्हिस म्हणते, "जड आहे हं,
दोघं मिळून धरू."

रात्री मुलगी फोनवर विचारते,
यंदा संकल्प काय?
काही नाही गं,
मंगळवारी पुन्हा जायचंय.
कांदे यायचेत,
आणि मेव्हिसचा चष्मा
माझ्याच खिशात राहिलाय.